घरच्या संगणकाची कडी



आपल्या आमगावात रात्री दाराला कडी घातल्याशिवाय कोणी झोपत नाही. परंतु घरचा संगणक इंटरनेटला जोडताना हीच दक्षता आपण घेतो काय?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्राम विंडोजमधील एका छिद्रातून जगभरच्या संगणकांत शिरला. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागे. जूनअखेर त्याच छिद्राचाही उपयोग करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममुळे आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. वस्तुतः ते छिद्र बुजविणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती! अनेकांनी ती बसविली नव्हती.

दोष इतरांनाच का द्यावा? 'अपडेट'ची सूचना मीही कित्येकदा 'नंतर पाहू' म्हणून ढकलली आहे. आणि त्याच संगणकात मुलांच्या गुणपत्रिका, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज होते.

म्हणून सूचना येताच अपडेट करा. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरी ते असल्यास जाणकारास विचारा. महत्त्वाच्या कागदांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो काढून कपाटात ठेवा. जोडलेलाच राहिला तर तोही कुलूपबंद होईल. फसवणुकीत पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० वर कळवा.

विद्यार्थी मित्रहो, संगणक तुम्हाला आमच्याहून अधिक समजतो. आज घरी अम्मी-अब्बांजवळ बसा आणि ही कडी तुम्हीच लावून दाखवा.