प्रौढ वयांत गिटार
(आष्टी येथें ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत गत वर्षांचा वृत्तांत सांगावा व देणगीदारांचे आभार मानावे असा प्रघात आहे. तें काम आमच्याहून योग्य माणसांनीं आधींच केलें आहे. आम्हांस चालकांनीं सांगितलें कीं, "तुम्ही अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं गिटार शिकलां, तेंच सांगा." 'शिकलां' हा शब्द त्यांचा, आमचा नव्हे. आम्ही अद्याप शिकत आहों, आणि आमच्या शेजाऱ्यांस तें चांगलें ठाऊक आहे.

आपल्या उपासनेंत पेटी वाजविणारे वृद्ध मास्तर सर्वांस परिचित आहेत. त्यांस पक्षाघाताचा झटका आला व डावा हात निकामी झाला. पेटीवर उजवा हात स्वर काढतो, परंतु भाता डाव्या हातानें हलतो. भाता नाहीं तर स्वर नाहीं. कांहीं रविवार मुलें आळीपाळीनें भाता मारीत व मास्तर वाजवीत. पण श्वास एकाचा आणि गाणें दुसऱ्याचें, असें तें होऊं लागलें. एके दिवशीं मास्तरांनीं पेटीचें झांकण लावलें, तें पुन्हा उघडलें नाहीं. पुढें गायन वाद्यावांचूनच होई, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत स्वर इतका खालीं उतरे कीं बायकांचा आवाज बुडून जाई. कोणीतरी कांहीं करणें प्राप्त होतें. आम्ही मास्तरांकडे जाऊन म्हणालों, "आम्हांस पेटी शिकवा." ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पेटी नको. मला तें पाहवणार नाहीं. दुसरें कांहींही शिका."

अशा रीतीनें गिटार आली. ती डाकेनें मागविली होती. महाराष्ट्रांत आष्ट्या पुष्कळ. बीड जिल्ह्यांत एक, वर्धा जिल्ह्यांत एक. आमची गिटार प्रथम बीडची आष्टी पाहून आली, आणि परतूर तालुक्यांत पोंचेपर्यंत दहा दिवस उशीर झाला. त्या दहा दिवसांत आमचा जेवढा उत्साह होता तेवढा पुढें कधींही राहिला नाहीं.

ती आल्यावर एका आजीबाईंनीं हरकत घेतली कीं, हें सिनेमाचें वाद्य, देवाच्या घरांत कशास? आजीबाईंच्या बाजूनें सांगितलें पाहिजे कीं, पोप दहावे पायस यांनीं 1903 सालीं पियानो व ढोलासारखीं गोंगाटाचीं वाद्यें मंदिरांत मना केलीं होतीं. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानांत पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्यास शोभतील अशीं इतर वाद्येंही अधिकाऱ्यांच्या संमतीनें वापरण्यास मोकळीक दिली. आणि त्याच्याही फार पूर्वीं, 24 डिसेंबर 1818 रोजीं, ऑस्ट्रियांतील ओबेर्नडोर्फ गांवीं 'सायलेंट नाइट' हें नाताळगीत प्रथम गाइलें गेलें तें गिटारीच्याच साथीनें. शब्द जोसेफ मोर या तरुण धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांची, आणि गिटार खुद्द मोर यांच्या हातांत. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला होता अशी जी गोष्ट सांगतात ती मागाहून जोडलेली दिसते. तथापि आपल्या गांवास ती आवडण्याजोगी आहे. फादरांची संमति आम्हीं घेतली. आजीबाईंची अद्याप मिळावयाची आहे.

आतां खुद्द वाद्याविषयीं. तारा सहा, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई. बाराव्या पडद्यावर तार दाबली कीं तिची लांबी निम्मी होते व स्वर एक सप्तक वर चढतो. पोलादी तारा असल्या तर सहांचा मिळून ताण सुमारें 70 किलो भरतो; म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ लांकडास रात्रंदिवस लोंबकळत असतो असें समजावें. म्हणून मराठवाड्याच्या वैशाखांत ती पत्र्याखालीं ठेवूं नये. आम्हीं ठेवली. सरस सुटून घोडी उचलली गेली, आणि सुतारानें ती पुन्हा चिकटवीपर्यंत आमचा अभ्यास बंद पडला.

खरा प्रश्न बोटांचा. आमचा समज असा कीं, खुरपें धरून व कापूस वेंचून ज्या हातांस घट्टे पडले त्यांस तारेचें काय भय! परंतु शेतकऱ्याचे घट्टे तळहातास असतात. तार बसते ती बोटांच्या टोंकांवर, आणि तीं टोंकें लहान मुलासारखीं कोंवळीं निघालीं. तीन आठवडे पाण्याचा तांब्या धरतांनाही कळ येई. मग कातडी टणक झाली व दुखणें थांबलें. त्यांत आम्हांस एक गोष्ट उमगली. रविवारीं दोन तास बसून हात दुखवून घेण्यापेक्षां रोजचीं पंधरा मिनिटें पुष्कळ अधिक काम करितात.

तीनचार स्वर एकदम वाजविणें, ज्यास कॉर्ड म्हणतात, तें एकेक करून साधतें. साधत नाहीं तें एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाणें. जी वरून सी वर जावयाचें, तर मंडळी पुढच्या ओळीस लागत आणि आमचीं बोटें अद्याप वाटेंतच असत. एफ तर विचारूंच नये. त्यांत पहिलें बोट सहाही तारांवर आडवें निजवावें लागतें, आणि आमच्या हातून स्वराऐवजीं लांकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज निघे.

निराशेच्या भरांत आम्हीं वाचन आरंभिलें, ही चूक झाली. 1995 सालीं थॉमस एल्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीं तंतुवाद्य वाजविणाऱ्या नऊ जणांची परीक्षा केली. त्यांत गिटारवादक अवघा एक. डाव्या हाताच्या बोटांस त्यांच्या मेंदूंत इतरांपेक्षां मोठी जागा मिळालेली आढळली, आणि जितक्या लहानपणीं आरंभ तितकी ती जागा मोठी. हें वाचून आम्ही दोन दिवस गिटारीस शिवलों नाहीं. तेव्हां आमची कन्या म्हणाली, "बाबा, तुम्हांला मेंदूचें प्रदर्शन भरवायचें आहे, कीं रविवारीं चार गाणीं वाजवायचीं आहेत?" तिनेंच पुढें गॅरी मार्कस नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची हकीकत सांगितली. तालाचें अंग नसतां त्यांनीं चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार हातीं घेतली, व त्यावर 2012 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला.

एक मत येथें स्पष्ट सांगतों. कोणास राग आला तरी चालेल. आपल्या ओव्या व अभंगाच्या चाली यांवर कॉर्ड लादूं नयेत. त्या चाली एका स्वराच्या आधारानें हिंडतात. दर दोन शब्दांस खालची जमीन बदलली तर त्या अडखळतात. तेथें गिटारीनें तंबोरा व्हावें. डी तार सा धरली तर ए तार तिचा खालचा पंचम होते. त्या दोन छेडीत राहाव्या, पुरे. ज्या गाण्यांस कॉर्ड शोभतात तेथें गाणाऱ्यांची पट्टी आधीं विचारावी. ती काळी एक असली तर पहिल्या पडद्यावर कापो लावून सी चेच आकार वाजवावे. आपल्या सोयीसाठीं बायकांचे गळे ताणूं नयेत.

मास्तरांकडे आम्ही अधूनमधून जात असूं. एकदां त्यांस जँगो राइनहार्ट यांची कथा सांगितली. 1928 सालीं गाडीस आग लागून त्यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं, आणि उरलेल्या दोन बोटांनीं ते युरोपांतील थोर गिटारवादकांत गणले गेले. मास्तर म्हणाले, "त्यांना दोन तरी होतीं." आम्हीं ती कथा सांगावयास नको होती.

कांहीं वेळानें मात्र त्यांनीं आपण होऊन गिटार मांडीवर घेतली व उजव्या हातानें तारा छेडल्या. ताल त्यांचा, चाळीस वर्षें आमच्या कानांत असलेला. आम्ही त्यांच्या डावीकडे सरकून बसलों व पडद्यांवर बोटें ठेवलीं. डावा हात आमचा, उजवा त्यांचा. भात्यासारखेंच हेंही फसेल असें वाटलें होतें, परंतु आमच्यांत जी उणीव होती ती नेमकी तालाची, आणि त्यांच्यांत डाव्या हाताची.

पुढच्या रविवारीं एकाच बांकावर दोघे बसलों. तिसऱ्या कडव्यास स्वर उतरला नाहीं. एफ मात्र दबलाच. मास्तरांनीं तेथें हात वर उचलून धरला, आणि मंडळींनीं ती ओळ नुसतीच गाइली.