दोघांचं एकमत

आमचं घर खलाशांचं. आजोबा, वडील, दोन चुलते, सगळ्यांनी बोटीवर नोकरी केलेली. पण यातला एकही माणूस हौसेखातर पाण्यात उतरल्याचं मला आठवत नाही. समुद्र पोट भरण्यासाठी, खेळण्यासाठी नव्हे, असा घरातला रिवाज. त्यामुळे माझा भाचा इंग्लंडमध्ये प्लिमथला जहाजदुरुस्तीच्या कामाला लागला आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी बुडालेली जहाजं पाहायला जाऊ लागला, तेव्हा इकडे दापोलीत माझ्या थोरल्या बहिणीची झोप उडाली. २०२३च्या जुलैमध्ये मी महिनाभर त्याच्याकडे राहायला निघालो, तर तिने कुळथाचं पीठ, आंबोशी आणि एक कामगिरी बरोबर दिली. "तू बी.ए. झालायस, चार लोकांत बोलतोस. त्याला समज दे. हे खूळ सोडायला लाव."

समज द्यायची संधी पहिल्याच शुक्रवारी रात्री आली. भाचेसून स्वयंपाकघरात भजी तळत होती. भाच्याने गॅस बंद करायला लावला, तेलाची कढई बाहेर नेऊन ठेवली, खिडक्या उघडल्या, टेबल साबणाने पुसलं. मला हात धुवायला सांगितले. मग माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाला, "मामू, खोबरेल लावलंयत ना? तुम्ही तिकडे दाराजवळ बसा." दाबाखालचा शुद्ध प्राणवायू आणि तेल एकत्र आले की आग लागायला निमित्त पुरतं. म्हणून हा सोवळा कारभार.

टेबलावर तीन बुटक्या डब्या होत्या. टॉर्चच्या मोठ्या सेलसारख्या, पण उंचीने निम्म्या. हे प्राणवायू मोजणारे सेन्सर. त्यांचं काम कळायला आधी तो पाण्याखाली श्वास कसा घेतो ते सांगायला हवं.

आपण श्वासातून जेवढा प्राणवायू आत घेतो त्यातला थोडाच वापरतो. हवेत तो २१ टक्के असतो, उच्छ्वासात सोळा-सतरा टक्के उरतो. नेहमीचा पाणबुड्या हा उरलेला ऐवज बुडबुड्यांतून सोडून देतो. भाच्याच्या पाठीवर असतं ते यंत्र, रिब्रीदर, तोच श्वास परत वापरतं. उच्छ्वास चुन्याच्या खड्यांमधून फिरवून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढायचा, शरीराने खर्च केला तेवढा प्राणवायू एका लहान नळकांड्यातून घालायचा, आणि तीच हवा पुन्हा ओढायची. कोकणातल्या कुठल्याही आईला पटेल अशी ही काटकसर आहे. हेन्री फ्लूस नावाच्या इंग्रजाने १८७८ साली असं साधन बनवलं होतं. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरलं होतं, तेव्हा १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या तेच घालून आत गेला होता.

पण त्याच १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ निघाला. जास्त दाबाखालचा प्राणवायू विषासारखा वागतो, झटके आणतो, असं त्यात प्रयोगांनिशी दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश आरमारातल्या पाणबुड्यांवर चाचण्या केल्या. त्यांत आढळलं की ही सहनशक्ती माणसागणिक वेगळी असते, आणि एकाच माणसाची आज एक तर उद्या दुसरी. अनेकदा पूर्वसूचनाही मिळत नाही. जमिनीवर झटका आला तर माणूस बहुधा वाचतो. पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि तो बुडतो. ज्याला आपण मराठीत नावच प्राणवायू दिलं, त्याची ही दुसरी बाजू मला साठीकडे झुकल्यावर कळली. (फारसीतला श्वास, 'दम', मराठीत आला आणि आपण एकमेकांना दम द्यायला लागलो, ते उगीच नसावं!)

तर समुद्रसपाटीवरच्या हवेत प्राणवायूचा दाब ०.२१ धरतात. भाचा पाण्याखाली यंत्राला तो १.३ वर राखायला सांगतो. १.६ ही शेवटची मर्यादा. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच त्याची पायवाट, आणि ती दाखवणारे ते तीन सेन्सर. आत शिसं, कॉस्टिक पोटॅशचा द्राव आणि वर एक पातळ पडदा. पडद्यातून प्राणवायू झिरपला की शिसं गंजतं आणि चिमूटभर वीज तयार होते. जास्त प्राणवायू, जास्त वीज. म्हणजे हा सेन्सर स्वतःला खात खातच काम करतो. वापरा किंवा कपाटात ठेवा, हवेत आहे तोवर त्याचं आयुष्य सरतंच. २०२१च्या साथीत ज्या व्हेंटिलेटरची नावं आपल्या तोंडी बसली, त्यांच्यातल्या कित्येकांतही याच जातीचे सेन्सर असतात.

भाच्याने मीटर लावला. साध्या हवेत पहिल्या सेन्सरने १०.६ मिलिव्होल्ट दाखवले, दुसऱ्याने आणि तिसऱ्याने ९.८. त्याने ते शाळेच्या वहीत लिहिले. शुद्ध प्राणवायूत हे आकडे पावणेपाच पटींहून थोडे जास्त वाढायला हवेत. वाढले. ५०.७, ४६.९ आणि ४६.९. मी म्हटलं, "झालं की, तिघेही पास."

"अजून नाही. यंत्राला लागतो १.३, आणि मी तपासलं फक्त १ पर्यंत."

मग त्याने कुकरसारखं एक जाड भांडं काढलं. झाकणावर दाब दाखवणारी तबकडी आणि दाब वाढला तर सोडणारी कळ. सेन्सर आत, तारा बाहेर. प्राणवायू दोन-चार वेळा भरून सोडला, आतली हवा निघून गेली, मग हळूहळू दाब चढवत १.६ पर्यंत नेला. पहिला सेन्सर ८१ वर गेला, हिशेबाप्रमाणे. दुसरा आणि तिसरा ७५ व्हायला हवे होते. एक ५४ वर थांबला, दुसरा ५३ वर. दाब आणखी थोडा वाढवला, पहिला वर सरकला, हे दोघे जागचे हलेनात.

भाचा काही बोलला नाही. मीच विचारलं, "एक तर नीट आहे ना?"

"तीच भानगड आहे, मामू. यंत्र मतदान घेतं. दोघांचं जमलं की तिसऱ्याला बाद करतं." म्हणजे पाण्याखाली हे दोन म्हातारे फार तर १.१५ म्हणणार. यंत्राला वाटणार, कमी आहे, घाल आणखी. ते घालतच राहणार. खरं बोलणारा तिसरा १.६, १.८ असं ओरडत असणार, आणि त्याचं मत मोजलंच जाणार नाही. ते दोघे एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेले होते. एकत्र म्हातारे झाले, एकत्रच खोटं बोलायला लागले. म्हणून जाणकार तिन्ही सेन्सर एकदम बदलत नाहीत, वेगवेगळ्या महिन्यांत बदलतात. भाच्याला हे ठाऊक होतं. वीस महिने झाले होते त्या दोघांना. "हवेत बरोबर दाखवतायत, मग कशाला टाकायचे, म्हणून राहिले," तो म्हणाला. चालतंय तोवर चालवायचं, हे शिक्षण त्याला दापोलीतच मिळालेलं.

मग त्याने वही मागे चाळली. हवेतले आकडे महिनोन्‌महिने तेच, ९.८, ९.९, ९.८. त्यांवरून काहीच कळत नव्हतं. भांड्यातली आधीची तपासणी मार्चमधली, तेव्हा सगळे ठीक. मार्चनंतर तो सहा वेळा खाली गेला होता. त्यातल्या कितव्या खेपेपासून हे दोघे खोटं बोलत होते, ते सांगणारं त्या घरात कुणी नव्हतं. सहाही वेळा तो वर आला होता एवढंच. पहिल्या सेन्सरचा वेगळा आकडा मनगटावर कधी दिसला का, असं मी विचारलं. बराच वेळ आठवून तो म्हणाला, "एकदा दिसला. मला वाटलं, तोच बिघडलाय."

भाचेसून दारात उभी होती. कढई आत आणायची का, एवढंच तिने विचारलं.

भाच्याने दोन्ही सेन्सरच्या तारा कापल्या, उद्या मोहाने परत लावले जाऊ नयेत म्हणून. रविवारची बोट रद्द केल्याचं मित्रांना कळवलं. आता त्याला समज द्यायची चांगली वेळ होती. मी तोंडही उघडलं. पण जो माणूस आपली चूक तारखेसकट वहीत लिहीत बसलाय, त्याला मी काय सांगणार होतो? मी म्हटलं, "नवे कधी येतात?"

मंगळवारी आले. त्याने एकच लावला, दुसरा आणखी काही आठवड्यांनी वेगळ्या दुकानातून आणणार होता, आणि तोवर पाण्यात जाणार नव्हता.

बहिणीचा फोन बुधवारी. "दिलीस का समज?"

मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "केवढ्याला पडतो एक?"

"सत्तर पौंडांच्या आसपास."

तिने मनात रुपये केले असावेत, कारण थोडा वेळ आवाज आला नाही. "मग त्याला म्हणावं, दर वर्षी घे. पैसे मी पाठवते," ती म्हणाली, "आणि ती वही मला वाचून दाखवत जा म्हणावं. दर महिन्याला."