सेवेला जाताना

(धानोरा, जिल्हा नंदुरबार येथे भरलेल्या विद्यार्थी स्वयंसेवकांच्या निवासी शिबिरात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'परमुलखातील सेवा' हा विषय दिला आहे. शिक्षण संपताच परदेश पाहावा, आणि पाहता पाहता तेथील लोकांच्या काही उपयोगी पडावे, अशी आपल्यापैकी काही जणांची इच्छा असल्याचे मला सांगण्यात आले. इच्छा उत्तम आहे. मात्र परमुलूख समुद्रापलीकडेच सुरू होतो असे नाही. पुण्यामुंबईहून नंदुरबारला येणाऱ्यास पासपोर्ट लागत नाही, एवढाच काय तो फरक. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांत घरोघरी भिली, मावची, पावरी, देहवाली अशा बोली चालतात. मी आता जे मराठी बोलत आहे, ते येथील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या लेखी शाळेचे आणि कचेरीचे मराठी आहे. म्हणजे परमुलखात कसे वागावे, याचा पहिला धडा आपण आज येथेच गिरवीत आहात.

या विषयाचा विचार करताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्याला बोलावले कोणी? सेवा करणारा माणूस बहुधा हा प्रश्न स्वतःला विचारीत नाही. हेतू चांगला असला की दार आपोआप उघडते, अशी त्याची समजूत असते. पण आपल्या घरी कोणी अनोळखी गृहस्थ येऊन, न विचारता स्वयंपाकघरातील भांडी नव्याने लावू लागला, तर त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, आपण त्याला काय म्हणू?

परदेशी जाऊन सेवा करणाऱ्या मराठी माणसाचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. तथापि त्या कथेतील आपल्या कामाचा भाग त्यांच्या मृत्यूत नसून कार्यपद्धतीत आहे, असे माझे मत आहे. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. मागणी आधी आली, हे ध्यानात घ्या. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोलकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस हे सहकारी. जे मागितले होते तेच ते घेऊन गेले. शस्त्रक्रिया करणारे हात हवे होते, ते दिले.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले, आणि ती बाजारहाटापुरती नव्हे. रणांगणामागील वैद्यकीय शाळेत ते विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवू लागले. १९४१ च्या आरंभी, कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पण ती चिन्यांनी त्यांच्या हाती दिली होती, आणि तेथील सैन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेच्या आज्ञेतच ते काम करीत होते. स्वतःचे निराळे निशाण त्यांनी उभारले नाही. तेथील गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने ते गेले. पथकातील इतर चौघे यथाकाल मायदेशी परतले. त्यांचेही काम उणे लेखू नये. ठरल्या मुदतीचे काम नेकीने करून घरी येणे, हाही सेवेचाच प्रकार आहे, आणि आपल्यातील बहुतेकांच्या वाट्याला तोच येणार आहे.

याच्या उलट चित्रही पाहिले पाहिजे. गेल्या काही दशकांत सहल आणि सेवा यांची सांगड घालून देणारा एक व्यवसायच जगात उभा राहिला आहे. प्रवासी पैसे भरतो आणि पंधरा दिवस अनाथाश्रमातील मुलांना शिकवतो. कंबोडियात याचा परिणाम काय झाला? पर्यटक वाढले तसे अनाथाश्रमही वाढत गेले. चौकशीअंती आढळले की, त्यांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. गरीब घरातील मूल आश्रमात आणून ठेवावे, म्हणजे पाहुणे येतात आणि देणग्याही येतात, असा तो व्यवहार. दर पंधरवड्यास नवा ताई-दादा येऊन जीव लावतो आणि निघून जातो. त्या लेकराच्या मनाचे काय होत असेल, ते आयांना निराळे सांगावयास नको. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली. तेथे गेलेल्या तरुणांपैकी बहुतेक दुष्ट नव्हते. त्यांना कोणी बोलावले होते आणि कशासाठी, हे त्यांनी विचारले नव्हते.

कंबोडिया दूर आहे, म्हणून आता धानोऱ्याकडे येतो. शिबिर म्हटले की श्रमदान हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली, तेव्हापासून विद्यार्थ्यांनी किती रस्ते केले आणि किती बांध घातले, याची गणती नाही. श्रमाची प्रतिष्ठा मनावर ठसावी, हा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, हेही आपण जाणता. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाठीवर लेकरू. गावात मजुरीचे काम मिळते तर ती कशाला गेली असती? १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने त्या धर्तीवर आपला कायदा केला. या सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व होते. हाताला काम आणि कामाला दाम. अशा मुलखात, ज्या बांधावर दहा घरांना पंधरा दिवसांची मजुरी मिळाली असती, तो बांध आपण सात दिवसांत फुकट घालून गेलो, तर हिशेब कोणाच्या खाती मांडायचा? शिवाय कुदळ धरण्याची सवय नसलेल्या हातांनी घातलेला बांध पहिल्या पावसात टिकेल याची खात्री नसते, ही गोष्ट येथील शेतकरी सौजन्यामुळे आपल्याला सांगत नाहीत.

याचा अर्थ श्रमदान करूच नये असा नाही. गावाने ठरविलेले, गावातील माणसे ज्यात स्वतः उतरली आहेत, आणि कोणाची मजुरी ज्यामुळे बुडत नाही असे काम असेल, तर अवश्य करावे. मात्र ते गावाने ठरविलेले असावे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात, आणि आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग त्यात मोडतो, गावाच्या विकासाच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता आवश्यक ठरविली आहे. जे शासनालाही विचारावे लागते, ते सात दिवसांच्या पाहुण्याने न विचारता करावे, हे कोणत्या न्यायाने?

आपल्याजवळ असे काय आहे, जे गावाला हवे असेल? माझ्या मते, कागद वाचण्याची सवय. वनहक्काचा दावा, सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे पत्र, दवाखान्याची चिठ्ठी. सातआठ जणांनी समाजमंदिरात रोज दोन तास बसावे आणि जो येईल त्याला त्याचा कागद वाचून दाखवावा, अर्थ सांगावा, म्हणेल तर लिहून द्यावा. निर्णय त्याचा. त्याच्या घरची माहिती बाहेर बोलू नये, हेही ओघानेच आले. या कामाला माती लागत नाही आणि त्याचे छायाचित्र फारसे चांगले येत नाही, म्हणून ते मागे पडते.

छायाचित्रांचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी प्रसिद्ध आहे आणि ती पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. अंगावर नक्षी रेखलेले, कमरेला घुंगरू बांधलेले बावा आणि बुध्या त्यांना दिसतात व त्यांचे कॅमेरे सरसावतात. नवस फेडण्यासाठी या माणसांनी व्रत धरलेले असते, दिवसेंदिवस कडक नियम पाळलेले असतात. पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला अडवून आपण 'जरा इकडे पाहा' असे म्हणतो का? तेच पथ्य येथेही पाळावे. विचारावे, आणि नाही म्हटले तर हसून पुढे जावे.

आदर कसा राखावा, हे या मुलखाला बाहेरून कोणी शिकविण्याची गरज नाही. तळोदा तालुक्यातील मोरवडचे संत गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात जी चळवळ उभी केली, तिला 'आप' हेच नाव पडले. लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनी एकमेकांस 'आप' म्हणावे, अशी त्यांची शिकवण होती. ज्या माणसांना सावकार आणि अंमलदार अरेतुरे करीत होते, त्यांनी आपसांत हा शब्द रूढ केला. मग आपण शहरातून येऊन साठ वर्षांच्या गृहस्थास 'ए मामा' म्हणून हाक मारावी, हे शोभत नाही.

आणि बाहेरून आलेल्यांचा या मातीत चांगला उपयोग झाल्याचा दाखलाही येथूनच देतो. शहादा तालुक्यात पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आदिवासी आपल्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी संघटित होत होते. १९७२ साली मुंबईपुण्याचे काही सुशिक्षित तरुण तेथे आले, खेड्यांत राहिले, बोली शिकले. त्यांतून श्रमिक संघटना उभी राहिली. काम आधीच सुरू होते, नेता गावचा होता, आलेले त्याच्या शेजारी उभे राहिले, हे त्यातील मर्म. आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. चळवळीचे विषय जमीन व मजुरी हे होते. दारूचा विषय बायांनी पुढे आणला. शिबिरांत त्या बोलू लागल्या, मग गावोगाव निघाल्या आणि दारूची मडकी फोडली. बाहेरून आलेल्यांनी त्या वेळी ऐकून घेतले, हे त्यांचे मोठेपण. सेवकाने आपली विषयपत्रिका खिशात ठेवावी आणि समोरचा काय बोलतो ते ऐकावे, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात ते फार जड जाते, विशेषतः शिकलेल्याला.

परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. पर्यटकाच्या व्हिसावर अनेक देशांत विनावेतन कामही चालत नाही, तेव्हा आधी त्या देशाच्या वकिलातीत चौकशी करावी. आणि आपल्याकडून घेतलेल्या पैशांपैकी त्या गावाच्या हाती किती पडतात, हे व्यवस्था करणाऱ्यांना स्पष्ट विचारावे. उत्तर देण्यास ते कचरले, तर तिकीट काढू नये.

आता पुढील सात दिवसांविषयी. आपल्या संयोजकांनी कार्यक्रमपत्रिका छापून आणली आहे, ती मी पाहिली. त्यांच्या परवानगीने असे सुचवितो की, पहिल्या दिवसाचे काम कोरे ठेवावे. त्या दिवशी आपण गटागटाने पाड्यांवर जावे, पाणी कोठून येते ते पाहावे, निदान पंचवीस शब्द तेथील बोलीतले शिकून यावे, आणि संध्याकाळी गावाने आपल्याला काम सांगावे. गावाने 'काही नको, बसा आणि जेवा' असे सांगितले, तर बसावे आणि जेवावे. भाषणानंतर विद्यार्थ्यांचे प्रश्न घेण्याचा प्रघात आहे. आज प्रथम ग्रामस्थांनी विचारावे, त्यांच्या बोलीत विचारावे. शाळेतील गुरुजी आपल्याला त्याचे मराठी करून सांगतील. मागे बसलेल्या त्या आजी मघापासून काही म्हणू पाहत आहेत, त्यांना पुढे येऊ द्या.