उच्च रक्तदाब आणि उपेक्षितांचे आरोग्य

(भाषणाचा सारांश)



उच्च रक्तदाब हा गादीवर बसून धंद्याची चिंता वाहणाऱ्या सुखवस्तू माणसांचा आजार, अशी समाजात समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले. सुमारे सात मृत्यूंमागे एक. त्यांपैकी बहुतेकांनी अखेरचा श्वास घरीच घेतला होता. पक्षाघाताचे प्रमुख कारण म्हणजे अनियंत्रित रक्तदाब.

मग उपचार अडतो कोठे? केवळ औषधाच्या किमतीपाशी नव्हे. ॲम्लोडिपिनसारखी गोळी अल्प किमतीची असून शासकीय आरोग्य केंद्रात ती मोफत देण्याची तरतूद आहे. पहिला अडसर असा की, हा आजार सहसा दुखत नाही; त्यामुळे कष्टकरी मनुष्य रक्तदाब मोजून घेण्यास जातच नाही. दुसरा अडसर गैरसमजाचा. आकडा १४०/९० च्या खाली उतरला की आजार गेला असे मानून गोळी बंद केली जाते. गोळीची सवय लागेल, हे भयही असतेच.

तिसरा अडसर सर्वांत कठीण. आरोग्य केंद्रात जाण्यायेण्यात शेतमजुराचा दिवस मोडतो, मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे लागते. इतके करून चार-आठ दिवसांच्याच गोळ्या हाती पडल्या किंवा ‘साठा संपला’ असे उत्तर मिळाले, तर तो पुन्हा कशासाठी येईल? बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणारी कुटुंबे तर कित्येक महिने परमुलखात असतात. रुग्णाची नोंद गावी आणि रुग्ण उसाच्या फडात! गोळी फुकट असली तरी ती आणणे गरिबाला परवडत नाही.

या अडचणींवर उपाय आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. सर्वांसाठी एकच सुटसुटीत उपचारपद्धती, औषधांचा अखंड साठा, एका खेपेस ३० दिवसांच्या गोळ्या, घराजवळच्या उपकेंद्रात फेरतपासणी आणि न आलेल्या रुग्णाचा शोध, ही त्याची सूत्रे. २०२२ मध्ये या कार्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला.

यातून सेवाभावी संस्थांनी बोध घ्यावा. आरोग्य शिबिर भरते, शेकडो लोकांचा रक्तदाब मोजला जातो, चिठ्ठ्या दिल्या जातात, मंडप उतरतो. पुढच्या महिन्यात त्या रुग्णाचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. त्यापेक्षा एकच वस्ती निवडावी. आशा सेविका व शासकीय डॉक्टरांच्या सहकार्याने दरमहा ठरलेल्या दिवशी, मजुरांच्या सोयीने सायंकाळी, तेथे रक्तदाब मोजावा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या महिनाभराच्या गोळ्या तेथेच मिळाव्यात. प्रत्येकाची वहीत नोंद असावी. व्यापारी आपल्या खातेवहीतील लहानशी येणे-बाकीही विसरत नाही; तीच दक्षता या वहीच्या बाबतीत हवी. जो आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जावे.

औषधदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. उच्च रक्तदाबाच्या बाबतीत ते एका दिवसाचे असून भागत नाही. दर महिन्यास, न चुकता, वर्षानुवर्षे घडेल तेव्हाच ते सार्थकी लागेल.