पांढरीचा कारभार आणि मंदिरापुढची जागा
(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर या मंडपात कीर्तने झाली, प्रवचने झाली. ग्रामपंचायतीच्या कारभारावर बोलण्याची आज्ञा मात्र समितीने मला केली. मंदिराच्या सोहळ्यात हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु या मंदिराचा दगड ज्या रस्त्याने आला तो रस्ता, बांधकामाला जे पाणी लागले ते पाणी, आणि ज्या जागेवर आज कळस चढला ती जागा, या तिन्ही गोष्टींचा निर्णय गावाच्या कारभारात होतो. मी तालुक्यात पुष्कळ वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदलले तरी कपाटातली दप्तरे तीच आहेत आणि मी दप्तरातलेच चार शब्द सांगणार आहे.

आपले वाडवडील गावाचे दोन भाग मानीत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीचा सातबारा असतो, त्यामुळे बांधावरून कितीही भांडणे झाली तरी शेवटी मोजणी लावता येते. पांढरीला मात्र असे काही नव्हते. निजामी राजवटीत पाटील-पटवारी सांगतील ती हद्द. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटिलकी गेली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता वाड्यातून चावडीत आली. परंतु पांढरीतली घरे, बोळ, पार, मोकळ्या जागा यांची मोजणी बहुतेक लहान गावांत झालीच नाही. दोन हजारांवर लोकसंख्येच्या गावठाणांचे नगर भूमापन होत असे; बाकीच्यांचा आधार म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. लोक त्याला मालकीचा कागद समजतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच तो सांगतो.

दुसरा गैरसमज असा की, गावातली सगळी सार्वजनिक जागा ग्रामपंचायतीची, आणि सरपंचांनी मनात आणले तर ती कोणालाही देता येते. तसे मुळीच नाही. गायरान शासनाचे आहे, पंचायतीकडे फक्त त्याची राखण असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्यास राज्यांना सांगितले. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून गायरान देण्यावर कडक निर्बंध घातले. रस्ते आणि गावठाणातील मोकळ्या जागा पंचायतीच्या ताब्यात असतात खऱ्या, आणि तेथील अडथळा काढण्याचा अधिकारही कायद्याच्या कलम ५३ ने तिला दिला आहे. पण अशी मिळकत विकायची झाली तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. आणि ज्या सदस्याने स्वतःच सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले, त्याचे पद जाते. वडिलांनी केलेल्या अतिक्रमणात मुलगा राहत असेल तर त्यालाही ते लागू आहे, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वी पुष्कळांनी आपल्या ओट्याकडे एकदा पाहून घ्यावे!

देवाच्या जमिनीचे आणखी वेगळे. आपल्या मराठवाड्यात देवळांना व दर्ग्यांना दिवाबत्तीसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आहेत. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातही धार्मिक संस्थांची इनामे वगळली होती. अशी जमीन पुजाऱ्याची नव्हे, पंचायतीची नव्हे, विश्वस्तांचीही नव्हे, ती देवाची. पुजारी हा सेवक आहे, मालकाच्या रकान्यात त्याचे नाव लागता कामा नये, असे ६ सप्टेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आणि सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून किंवा बिगरशेती जागा व इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी हवी.

हे सर्व इतके फोडून सांगण्याचे कारण आपल्या समोरच आहे. मंदिरापुढच्या या मोकळ्या जागेत गाळे काढावेत, त्यांच्या भाड्यातून दिवाबत्ती, पुजाऱ्याचे मानधन व विजेचे बिल भागवावे, असा विचार काही मंडळींनी मांडला आहे. त्यांचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला शंका नाही. मंदिर बांधणे एक वेळ सोपे, चालवणे कठीण. वर्गणी बांधकामाला मिळते, तेलाला मिळत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

परंतु मला हा विचार पटत नाही. पोळ्याला गावातल्या बैलजोड्या याच जागेतून मारुतीला प्रदक्षिणा घालतात. दिंडी उतरते ती येथे. लग्नाचा पारणा येथे निघतो आणि अंत्ययात्राही क्षणभर येथे थांबते. कोणी म्हणेल, बैल आता राहिले किती? कमी झाले हे खरे. पण त्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला वळायला बैलगाडीहून जास्त जागा लागते. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर याच जागेत उभा राहतो. रात्री-अपरात्री रुग्णवाहिका आली तर ती वळणार कोठे?

भावना बाजूला ठेवली तरी पहिला प्रश्न उरतोच. ही जागा कोणाची? ती पंचायतीकडील मोकळी जागा असेल तर मंदिर समितीला तेथे वीटसुद्धा ठेवता येणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर व सार्वजनिक जागेत कोणत्याही धर्माचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. ती न्यासाची असेल तर धर्मादाय कार्यालय, आणि शासनाची असेल तर तहसील. हे न पाहता गाळे उभे राहिले, तर देणगीदारांचा पैसा ज्या भिंतीत गेला ती भिंत पाडण्याची नोटीस एक दिवस येईल. तेव्हा गावात दोन तट पडतील.

आपल्याच तालुक्यात दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. जायकवाडीच्या पाण्याने गंगापूर, पैठण, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील गोदाकाठची कित्येक गावे उठली. १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते कोनशिला बसली, १९७६ ला धरणाचे उद्घाटन झाले. त्या लोकांचे दुःख मोठे होते, त्याची तुलना कशाशी करू नये. पण नव्या गावठाणात आधी नकाशा आखला गेला, रस्ते आणि मोकळ्या जागा सोडल्या गेल्या, मग घरे झाली. उलट वाळूज पट्टा पाहा. औद्योगिक वसाहत आली, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या गावांत शहराएवढी माणसे राहायला आली. पाणी, गटार, रस्ता हा शहराचा भार ग्रामपंचायतीच्या खांद्यावर पडला. घर आधी आणि गटाराची जागा मागून शोधायची, अशी पाळी येते तेव्हा कितीही चांगला सरपंच असला तरी काय करणार?

गटार आणि दिवे कर भरल्याशिवाय चालत नाहीत, हेही येथेच सांगतो. जवळच्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटलांच्या कारकिर्दीत कर भरणाऱ्या घराला गिरणीत दळण फुकट दिले. लोकांनी कर भरला, कारण बदल्यात काय मिळते ते रोज पिठाच्या डब्यात दिसत होते.

आता पांढरीच्या मोजणीची संधी आली आहे. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. गावठाणावरून ड्रोन उडवून नकाशा तयार होतो आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ड्रोन येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जागेची हद्द चुन्याने आखायची असते. येथेच मेख आहे. आपले घर जो तो आखील. मंदिरापुढची जागा, पार, आडाच्या भोवतालची जागा, शाळेकडे जाणारा बोळ कोण आखणार? ते काम पंचायतीचे आणि तेथे उभे राहून पाहण्याचे काम आपले. जेथे हे झाले आहे तेथे नकाशा मागून पाहावा आणि चूक असेल तर भूमि अभिलेख कार्यालयात वेळेत हरकत द्यावी.

राहिला ग्रामसभेचा मुद्दा. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. या सप्ताहाच्या पंगतीला किती पाने उठली ते आपण पाहिले. ग्रामसभेला मात्र शंभर माणसे जमवायला शिपायाला घरोघर फिरावे लागते. मग तहकूब सभेत पाच-दहा माणसांत ठराव होतो आणि पुढे वर्षभर पारावर त्याची चर्चा चालते. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तीही कागदावर न होता खरोखर व्हावी. पाणी कोण भरते आणि बोळातून अंधारात कोण जाते हे ठाऊक असलेली माणसे त्या सभेत बोलतील.

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ मध्ये यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून आरंभ केला आणि त्याच मंदिरात बसून गावाने आपले निर्णय घेतले, हे सर्वश्रुत आहे. आपल्या नव्या सभामंडपात ग्रामसभा भरवावी, अशी माझी सूचना आहे. मात्र ज्यांचा देव हा नाही अशाही ग्रामस्थांना तेथे संकोच वाटता कामा नये. वाटत असेल तर शाळेच्या आवारात घ्यावी.

समितीला व सरपंचांना माझी विनंती एवढीच की, गाळ्यांचा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. त्यापूर्वी जागेचा उतारा, नकाशा आणि न्यासाची नोंद या तिन्ही कागदांच्या प्रती सूचना फलकावर लावाव्यात. परगावच्या देणगीदारांना त्या टपालाने पाठवाव्यात. ठराव वहीत लिहिला की सह्या होण्यापूर्वी तो सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. उतारा काढण्यासाठी तहसीलला जायचे असेल तर मी बरोबर येईन. गंगापूरची सकाळची गाडी मला सोयीची आहे.

 महाप्रसादाची वेळ झाली आहे.

जय हिंद. रामकृष्ण हरी.