विद्यापीठात आपला अभ्यास होतो, तो आपणही वाचू
(प्रभागसंघाच्या बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा माझा विषय आहे, राजकारणातल्या आणि कारभारातल्या बायांचा विद्यापीठात होणारा अभ्यास. विषय ऐकूनच मागच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, "हे कॉलेजातल्या पोरींचं. आमचं काय त्यात?" मावशी, तुमचंच आहे सगळं. त्या पुस्तकांमध्ये ज्या सरपंच बाया आहेत, ज्या ग्रामसभेत उठून पाणी मागतात, त्या आपल्यासारख्याच आहेत. आपल्याविषयी लिहिलं जातं आणि आपल्यालाच ते माहीत नसतं, एवढीच अडचण आहे. म्हणून आज थोडक्यात सांगते.

पन्नासेक वर्षांपूर्वी विद्यापीठांमध्ये इतिहास होता, अर्थशास्त्र होतं, राज्यशास्त्र होतं. पण त्यात बाया कुठे आहेत, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं. १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. देशातलं ते असं पहिलं केंद्र. पुढे पुण्याच्या विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र झालं. आणि आपल्या संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, ताराबाई शिंदे यांच्या नावाचं स्त्री अभ्यास केंद्र आहे. ताराबाई बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं आणि सगळे दोष बायांच्याच माथी का मारता, असा रोखठोक सवाल केला. वैजापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या तुमच्या मुलीच्या पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव असतं, त्याच विद्यापीठातलं हे केंद्र.

आता तुम्ही म्हणाल, अभ्यास करून काय होतं? आपल्या गावच्या खुर्चीशी त्याचा संबंध काय?

संबंध असा आहे. १९७१ साली केंद्र सरकारनं देशातल्या स्त्रियांची स्थिती पाहायला एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या. समितीनं देशभर फिरून माहिती गोळा केली आणि १९७४ च्या शेवटी अहवाल दिला. मतदान करणाऱ्या बाया वाढल्यात, पण निर्णय घेण्याच्या जागेवर त्या जवळजवळ नाहीत, हे त्यात आकड्यांनिशी आलं. जागा राखीव ठेवाव्यात की नाही, यावर त्या समितीतच मतभेद झाले. वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. अखेर ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. म्हणजे आज आपल्या गटातली बाई सदस्य किंवा सरपंच होते, त्यामागे मोर्चे आहेत, चळवळी आहेत, तसेच बसून मोजदाद करणाऱ्या बायांचे कागदही आहेत.

मग राखीव जागेमुळे गावात खरंच काही बदलतं का? "बाई नुसती नावाला, कारभार नवऱ्याचा," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. काही ठिकाणी ते खरंही आहे. सरपंचपती हा शब्द काही उगाच तयार झाला नाही. पण हा प्रश्न गप्पांवर न सोडता संशोधकांनी तपासून पाहिला.

सोडत तुम्हाला माहीत आहे. कोणत्या गावाचं सरपंचपद बाईला जाणार, हे कुणाच्या मर्जीवर नसतं. काही राज्यांत तर अशी पाळी लावताना गाव श्रीमंत की गरीब, शिकलेलं की अडाणी, हे पाहिलंच जात नाही. याचाच फायदा राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या दोघांनी घेतला. पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा आणि राजस्थानातला उदयपूर जिल्हा इथल्या मिळून २६५ पंचायती त्यांनी पाहिल्या. जिथे पद राखीव होतं आणि जिथे नव्हतं, अशा गावांची तुलना केली. आधी त्यांनी हे पाहिलं, की बाया कशाची तक्रार करतात आणि पुरुष कशाची. दोन्हीकडे बायांच्या तक्रारीत पिण्याचं पाणी वर होतं. बंगालमध्ये रस्ताही बायांच्या मागणीत होता. राजस्थानात रस्त्याची मागणी पुरुषांची जास्त होती. आणि निघालं काय? बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्हीकडे पाण्यावर जास्त काम केलं. बंगालमध्ये रस्त्यावरही जास्त केलं, राजस्थानात मात्र रस्त्यावर कमी. म्हणजे बाई खुर्चीत बसली की गावचा पैसा बायांच्या मागणीकडे वळतो. हा निष्कर्ष २००४ साली छापून आला. यातल्या डुफ्लो बाईंना पुढे २०१९ मध्ये गरिबीवरच्या कामासाठी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

ज्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात, त्यांना या अभ्यासाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

बीरभूममध्येच पुढे आणखी अभ्यास झाले. त्यातल्या दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट. गावात पहिल्यांदा बाई प्रमुख झाली, तेव्हा तिचं काम पुरुषाइतकंच असूनही लोकांनी तिला कमी गुण दिले. नावं ठेवली. पण त्याच पंचायतीत दुसऱ्यांदा बाई आली, तेव्हा हा दुजाभाव राहिला नाही. म्हणून तुमच्या गावची पहिली सरपंच बाई "हिला काही जमत नाही" असं ऐकत असेल, तर लगेच विश्वास ठेवू नका. आधी कामाचे कागद बघा. बायाच बाईला नावं ठेवायला पुढे असतात, असं लोक म्हणतात. निदान आपल्या गटातून तरी ते होऊ नये.

दुसरी गोष्ट. हे अभ्यासक ४९५ गावांत फिरले. मुलगा शिकून काय व्हावा आणि मुलगी काय व्हावी, हे त्यांनी आईबापांना आणि मुलांनाही विचारलं. मुलासाठी मोठी स्वप्नं, मुलीसाठी लहान, हे सगळीकडे होतंच. पण ज्या गावांत दोन वेळा पद बाईसाठी राखीव झालं होतं, तिथे आईबापांच्या मनातलं हे अंतर पाव भागानं कमी झालं होतं आणि मुलामुलींच्या स्वतःच्या मनातलं त्याहून थोडं जास्त. मुलींचं शिक्षण मुलांच्या बरोबरीला आलं होतं आणि घरकामात जाणारा त्यांचा वेळही कमी झाला होता. त्या बायांनी मुलींना भाषणं दिली नव्हती. मुलींनी त्यांना रोज कारभार करताना पाहिलं होतं, एवढंच.

हे झालं बंगालचं. आपल्या महाराष्ट्रात तर बायांनी आरक्षणाची वाटही पाहिली नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शेतकरी बाया फार मोठ्या संख्येनं जमल्या आणि पंचायत राजच्या निवडणुका लढवायचं तिथे ठरलं. मग काही गावांत सगळं पॅनल बायांचं उभं राहिलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ मध्ये असं महिलांचं पॅनल निवडून आलं. पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेनं महाराष्ट्रातल्या अशा महिला पंचायतींचा अभ्यास केला आणि १९९८ मध्ये बिशाखा दत्त यांच्या संपादनाखाली त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ काय, माहितेय? "आणि चपात्या कोण करणार?" बाई पंचायतीत गेली तर घरात पहिला सवाल हाच. हसू नका, आपल्याकडे फक्त चपातीच्या जागी भाकरी म्हणायचं.

खुर्ची मिळाली तरी ती टिकवणंही सोपं नसतं. जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडा गावची सरपंच बाई. सासूबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहते, अशी तक्रार झाली आणि तिला अपात्र ठरवलं. ती शेवटपर्यंत लढली. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निर्णय रद्द केला. निवडून आलेल्या बाईला पदावरून काढणं ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही, असं कोर्टानं सुनावलं. कोर्टात ती बाई लढली ती कागदांवर.

आणि इथेच मला तुमच्याशी खरं बोलायचं आहे.

आपल्या गटाच्या वह्या आपण नीट ठेवतो. बचत किती, अंतर्गत कर्ज किती, हप्ता कुणाचा थकला, सगळं तारखेसह लिहिलेलं असतं. रुपयाचा फरक आला तर हिशोब जुळल्याशिवाय बाया उठत नाहीत. पण ग्रामसभेच्या वहीचं काय? किती जणींनी ती वाचलीय? किती जणींनी घरी आलेल्या रजिस्टरवर दारातच सही केलीय, वरचं पान कोरं असताना? हात वर करू नका, मनातच सांगा. त्या कोऱ्या पानावर नंतर काय लिहिलं जातं, ते आपल्या नावावर लिहिलं जातं. उद्या कुणी अभ्यासक आला आणि त्यानं ती वही उघडली, तर त्याला दिसेल की या गावच्या बाया हजर होत्या आणि त्यांनी काहीही मागितलं नाही. जे लिहिलं नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्याला निधी मिळत नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं पुढची चार कामं करायची, असं मी सुचवते.

एक. महाराष्ट्रातल्या कायद्यानं नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती आपल्या गावात खरोखर होते का, हे ग्रामसेवकाला विचारा. एकटीनं विचारायला जड जातं, म्हणून गटानं मिळून जा.

दोन. त्या सभेत आपल्या मागण्या ठरावाच्या रूपात लिहून घ्या. "पाण्याचं बघा" असं मोघम नको. कोणती वस्ती, किती घरं, विहीर की नळ, असं नेमकं लिहा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकांसाठी खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले, तेही विचारा.

तीन. सही करायची ती पूर्ण लिहिलेल्या पानाखालीच. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहायला मी आणि आपल्या सीआरपी ताई मदत करू.

चार. विद्यापीठातून कुणी मुलगा-मुलगी माहिती घ्यायला आली तर बसवा, बोला, चहा द्या. पण एक अट घाला, की अहवाल तयार झाला की आम्हाला मराठीत वाचून दाखवायचा. आपण वेळ देतो, आपलं आयुष्य सांगतो. मग त्यातून काय निघालं, हे कळण्याचा हक्क आपलाही आहे.

आणि मुलींविषयी. बारावीनंतर पुढे काय, असं घरात विचारतात तेव्हा डीएड, नर्सिंग, पोलीस भरती एवढंच बोललं जातं. ते सगळं चांगलंच आहे. पण समाजकार्य, राज्यशास्त्र, स्त्री अभ्यास हेही शिकता येतं. मी समाजकार्य शिकले म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. तुमच्यापैकी ज्यांची शाळा लग्नामुळे सुटली, त्यांच्यासाठी १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. घरचं, शेतातलं सांभाळून शिकता यावं म्हणूनच ते काढलंय. वय विचारत बसू नका.

लोकसभेत २०२४ साली ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या, आपल्या राज्यातल्या ४८ पैकी सात. लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला. त्या जागांवर उद्या कोण बसणार? ज्यांना बैठक चालवता येते, हिशोब मांडता येतो, चार माणसांत बोलता येतं, त्यांनी बसायला हवं ना? ही तिन्ही कामं तुम्ही गटात दर आठवड्याला करता.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या गावच्या शेवटच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल सोबत आणायची. आपण ती इथेच मोठ्यानं वाचू आणि त्यात बायांच्या किती मागण्या लिहिल्यात ते मोजू. आपल्या तालुक्यातल्या या अभ्यासाची सुरुवात आपणच करू.