खर्डा ते बेनापोल



इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांची ही परिषद चौसाळ्यात भरली आहे. इथल्या धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांत कापसाच्या गाठी असतात, कांद्याच्या गोण्या असतात. आपल्या राज्यातल्या अशा मालाचा काही भाग पुढे बांगलादेशात विकला जातो. त्यामुळे वाढत्या सत्तेने शेजाऱ्यांशी कसे वागावे, हा प्रश्न परराष्ट्र खात्यापुरता नाही, तो इथल्या शेताच्या बांधावरचाही आहे.

आधी इथलाच इतिहास बघू. हा सगळा भाग एकेकाळी निजामाचा, आणि चढती सत्ता पुण्याच्या पेशव्यांची. १७२८ मध्ये बाजीरावांनी पालखेडला निजामाला कोंडीत पकडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथाई-सरदेशमुखीचा हक्क कबूल करून घेतला. १० ऑगस्ट १७६३ रोजी आपल्याच गेवराई तालुक्यात, राक्षसभुवनला, थोरल्या माधवरावांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. पुढे १७९० मध्ये पुणे आणि हैदराबाद इंग्रजांसोबत टिपूविरुद्ध एकत्र उभे राहिले. पण ते युद्ध आटोपल्यावर थकलेल्या चौथाईचा हिशेब पुन्हा निघाला, आणि ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला गाठ पडली.

खर्डा इथून फार लांब नाही. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल जॉन शोअर यांनी नकार दिला. मराठ्यांनी तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि मोठा मुलूख लिहून घेतला, वर दिवाण मुशीर-उल-मुल्क याला ओलीस म्हणून पुण्याला आणले. आपण वर्गात हा मराठ्यांचा मोठा विजय म्हणून शिकवतो, आणि तो मोठा होताच. माझी विनंती एवढीच की धडा तिथे संपवू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले. पुण्यातल्या वारसाच्या भांडणात दिवाण सुटला, तहातले बरेचसे परतही मिळवले, आणि १७९८ मध्ये त्याच्याच कारभारात हैदराबादने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०३ मध्ये इंग्रज शिंदे-भोसल्यांवर चालून आले, तेव्हा ही हैदराबादची फौज त्यांच्या बाजूने मोहिमेत होती. असईची लढाई त्याच मोहिमेतली, आपल्या जालना जिल्ह्यात झालेली. खर्ड्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

निजामाने शब्द मोडले, पैसे थकवले, हे खरेच. तरीही मला वाटते की पुणे दरबाराकडे त्याच्याकडून काय घ्यायचे याची यादी होती, त्याला कशाची हमी द्यायची याची नव्हती. संकटात पुण्याच्या भरवशावर राहता येईल, असे हैदराबादला कधी वाटले नाही. म्हणून त्याने लांबचा रक्षक पत्करला, आणि त्यात शेवटी दोघेही बुडाले.

आता बेनापोलकडे, म्हणजे बांगलादेशच्या सीमेवरच्या नाक्याकडे या. जगातल्या सर्वांत मोठ्या तयार कपड्यांच्या निर्यातदारांत बांगलादेश आहे, पण कापूस तिथे फारसा पिकत नाही. आपल्याकडे पिकतो. कांद्याच्या बाबतीत तर तो आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. असे असताना २९ सप्टेंबर २०१९ रोजी आपण एका दिवसात कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर आठवडाभरातच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या की असे करायचे तर आधी कळवत जा. त्या हिवाळ्यात ढाक्याला विमानाने कांदा आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. प्रत्येक वेळी तिकडच्या आयातदाराने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान अशा वाटा धरल्या, आणि इकडे लिलावात भाव कोसळला तो आपल्या चाळीतल्या कांद्याचा.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी सरकारी बफर साठा आहे, तो वेळेवर बाजारात आणता येतो. शेजाऱ्याला दिलेला शब्द एका अधिसूचनेने रद्द करणे हा मात्र फार महागडा उपाय आहे. बांगलादेशही आपल्या कांद्यावर आणि नागपुरी संत्र्यावर शुल्क लावत आला आहे. पण आपण सर्वांत मोठे आहोत, आणि विश्वासाची सुरुवात मोठ्यानेच करायची असते.

ती करता येते, हे आपण करून दाखवले आहे. २०१५ मध्ये बांगलादेशाबरोबरचा सीमाकरार अमलात आला, तेव्हा भारताने १११ वेढलेल्या वस्त्या दिल्या, ५१ घेतल्या. जमिनीत बघितले तर सुमारे १७ हजार एकर गेली आणि सात हजार आली. संसदेने हे एकमताने मंजूर केले. २०२२ मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. भारताच्या परराष्ट्र धोरणातल्या अभिमानाने शिकवाव्यात अशा या घटना आहेत.

आणि मग २०२५ चा एप्रिल येतो. ढाक्यात आदल्या वर्षीच सत्तांतर झाले होते. आपण त्यांच्या मालाची ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे आपल्या हद्दीतून तिसऱ्या देशांत माल पाठवण्याची, सवलत काढली, त्यांनी जमिनीवरून येणारे आपले सूत बंद केले, मेमध्ये आपण त्याच मार्गाने येणारे तयार कपडे अडवले. हे बोलून मिटवायला सार्कचे व्यासपीठ असायला हवे होते, पण २०१४ च्या काठमांडूनंतर त्याची शिखर परिषदच झालेली नाही.

परिषदेच्या ठरावात तीन मागण्या असाव्यात असे मी सुचवतो. निर्यातीवर निर्बंध घालण्यापूर्वी ठरावीक मुदतीची सूचना द्यावी. आधी झालेले सौदे पूर्ण होऊ द्यावेत. आणि शेजारी देशांसाठी कांद्याचा वार्षिक कोटा करारानेच बांधून द्यावा, टंचाईच्या वर्षीही तो मोडू नये. कापूस आणि सुताचे काय करावे, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. दुपारच्या सत्रात अर्थशास्त्राच्या मंडळींनी त्यावर बोलावे, मी ऐकायला बसणार आहे.